तीनशे नावं एका दमात: प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये घाऊक डेटा कसा भरतात, आणि तो कुठे फसतो

स्पर्धेला शंभर संघ होते, प्रत्येकी तिघं. आदल्या रात्री सगळ्यांची यादी सॉफ्टवेअरमध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. फाइल चढवण्याआधी यादी जरा नीटनेटकी दिसावी म्हणून मी संघांच्या नावांचा स्तंभ निवडला आणि अक्षरक्रमाने लावला. बाकीचे स्तंभही सोबत हलवायचे का, असं स्प्रेडशीटने विचारलंही होतं. मी घाईत भलतंच बटण दाबलं. फाइल चढली, '१०० संघ आयात झाले' अशी हिरवी पट्टी आली आणि मी निवांत झोपलो.

सकाळी सरावफेरीत पहिला हात वर झाला. "सर, लॉगिन होतंय, पण वर नाव दुसऱ्याच संघाचं दिसतंय." मग दुसरा हात. मग अख्खा हॉल.

सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. शंभर ओळी दिल्या होत्या, शंभर ओळी आत गेल्या होत्या. त्या ओळींत कोणाचं नाव कोणाच्या खात्यापुढे बसलंय, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. एकेक फॉर्म न भरता फाइलमधून शेकडो नोंदी एकदम आत घेण्याला बल्क इम्पोर्ट म्हणतात; इथून पुढे नुसतं 'आयात' म्हणू. हे काम दिसतं कॉपी-पेस्टसारखं आणि तसं अजिबात नसतं. का, ते पाहू.

## आधी हे सॉफ्टवेअर करतं काय?

स्पर्धक प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम लिहून पाठवतो. सॉफ्टवेअर तो चालवतं, त्याला लपवून ठेवलेले इनपुट देतं, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतं आणि निकाल सांगतं: बरोबर, चूक, वेळ संपली किंवा प्रोग्रॅम कोसळला. गुणफलकही तेच चालवतं. आयसीपीसी या विद्यापीठस्तरीय स्पर्धेत तिघांचा संघ एकाच संगणकावर पाच तास बसतो. सोडवलेल्या प्रश्नावर आधी चुकीचा प्रयत्न झाला असेल तर प्रत्येकी वीस मिनिटांचा दंड पडतो. म्हणजे सॉफ्टवेअरची एक चूकही कुणाच्या तरी क्रमांकावर उमटते.

अशी सॉफ्टवेअरं बरीच आहेत. डॉमजज हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे सुरू झालेलं. सीएमएस हे इटलीत तयार झालेलं आणि २०१२ साली तिथेच भरलेल्या आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये वापरलेलं. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, आणि आयातीचे प्रश्न दोन्हीकडे जवळपास सारखेच.

स्पर्धेची घंटा वाजण्यापूर्वी यांच्या पोटात काय काय जावं लागतं, याचा नुसता हिशोब करा. शंभर संघ, त्यांच्या संस्था, प्रत्येक संघाचं खातं आणि पासवर्ड. बारा प्रश्न, प्रत्येकाचे साठ चाचणी-नमुने धरले तर ७२० इनपुट आणि तितकीच उत्तरं, एकूण १,४४० फायली. हे हाताने भरणाऱ्याला माझा नमस्कार.

## फाइल कसली द्यायची?

सगळ्यांच्या ओळखीची सीएसव्ही: एका ओळीत एक नोंद, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. अडचण अशी की संस्थेच्या नावातच स्वल्पविराम असतो. मग तो मजकूर अवतरणचिन्हांत घालावा लागतो, आणि मजकुरात अवतरणचिन्ह असेल तर तेही दुहेरी करावं लागतं. म्हणून या क्षेत्रात टीएसव्ही रुजली. तिच्यात रकाने टॅबने तोडतात, आणि संघाच्या नावात टॅब सहसा कोणी घालत नाही. (सहसा. दुसरीकडून चिकटवलेल्या नावासोबत टॅब आलेला मी पाहिलाय.)

हल्ली कल जेसन आणि यामल या फाइल-प्रकारांकडे आहे. त्यांत प्रत्येक माहितीसोबत तिचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे 'चौथा रकाना म्हणजे संस्था की गट' हा घोळ उरत नाही. डॉमजज या दोन्ही प्रकारांसोबत टीएसव्हीही घेतं.

यामल माणसाला वाचायला सगळ्यात सोपी, पण तिचा एक खट्याळपणा माहीत हवा. अवतरणचिन्हं नसतील तर मजकूर आहे की आकडा, हे ती स्वतः ठरवते. जुन्या नियमांनुसार शून्याने सुरू होणारी संख्या ती अष्टमान पद्धतीची, म्हणजे आठच्या पटीत मोजलेली, समजते. ०१२३ असा पासवर्ड लिहिला तर आत ८३ जातो. पाच तासांचा कालावधी ५:००:०० असा लिहिला तर त्याच नियमांनी तो साठच्या पटीत मोजून १८००० होतो. योगायोगाने ते पाच तासांचे बरोबर सेकंद आहेत, म्हणून कोणाची तक्रार येत नाही. पासवर्डच्या नशिबी असला योगायोग नसतो. पासवर्ड अवतरणांतच लिहावा.

## क्रम चुकला की सगळं अडतं

घर बदलताना आधी कपाट चढवतात, मग त्यात कपडे लावतात. कपडे आधी आले तर ते ठेवायचे कुठे? आयातीतही तसंच. खातं म्हणतं 'मी अमक्या संघाचं', संघ म्हणतो 'मी अमक्या संस्थेचा आणि तमक्या गटातला'. ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो आधी हजर हवा. म्हणून डॉमजजमध्ये आधी गट, मग संस्था, मग संघ आणि शेवटी खाती, हा क्रम धरला की अडचण येत नाही.

इथेच नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट येते. आयात झाली, नाव यादीत दिसतं, पासवर्डही बरोबर, तरी स्पर्धक स्पर्धेत शिरू शकत नाही. सीएमएसमध्ये 'माणूस' आणि 'त्याचा या स्पर्धेतला सहभाग' या दोन वेगळ्या नोंदी असतात. एकच माणूस सराव आणि अंतिम अशा दोन्ही फेऱ्यांत असू शकतो, म्हणून ही विभागणी. माणूस आत घेतला आणि सहभाग नोंदवायचा राहिला, तर दारावर नाव आहे पण खोलीत खुर्ची नाही अशी गत होते. डॉमजजमध्येही स्पर्धा सगळ्या संघांना खुली आहे की ठरावीक गटांनाच, हे वेगळं सांगता येतं. गट चुकला की संघ बाहेर.

## नावावर विसंबू नका, क्रमांकावर विसंबा

आयातीत मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी ही सांगेन: प्रत्येक संघाला, प्रत्येक संस्थेला एक न बदलणारा ओळख-क्रमांक द्या आणि तो तुमच्या मूळ फाइलमध्येच द्या. सॉफ्टवेअर स्वतःचे अंतर्गत क्रमांक देतं, पण ते त्याच्या सोयीचे. तुमचा क्रमांक म्हणजे परीक्षेतला बैठक क्रमांक: नाव चुकलं, आडनाव बदललं, संघाने हौसेने नाव तीनदा बदललं, तरी क्रमांक तोच.

याचा फायदा दुसऱ्यांदा आयात करताना कळतो, आणि दुसऱ्यांदा करावी लागतेच. ओळख-क्रमांक असेल तर सॉफ्टवेअर म्हणतं, 'हा ४२ आधीच आहे, फक्त नाव बदलतो.' क्रमांक नसेल आणि जुळणी नावावर होत असेल, तर एका जागी जास्तीचा स्पेस पडला की नवाच संघ जन्माला येतो. मग गुणफलकावर एकाच नावाचे दोन संघ, त्यातला एक कायम शून्यावर.

त्या सकाळी मला वाचवलं ते यानेच. स्तंभ हलवण्याआधीची फाइल शाबूत होती आणि संघांचे क्रमांक जागच्या जागी होते. जुनी फाइल पुन्हा चढवली, शंभरच्या शंभर नावं दुरुस्त झाली, दोन मिनिटंही लागली नाहीत. एकच फाइल कितीही वेळा चढवली तरी शेवट तोच, ही हमी असेल तर आयातीची भीती निम्मी होते. माझा नियम साधा आहे: सॉफ्टवेअरमध्ये हाताने दुरुस्ती करायची नाही, फाइल दुरुस्त करायची आणि पुन्हा चढवायची. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या आयातीत पुसली जाते, आणि ती कोणी केली होती हे कोणालाच आठवत नाही.

## शीट आपल्याला विचारत नाही

स्प्रेडशीट हे हिशोबाचं साधन आहे. तिला सगळीकडे आकडे आणि तारखा दिसतात. ००७ हा संघक्रमांक तिच्या लेखी ७. लांबलचक नोंदणी क्रमांक असेल तर एक्सेल पहिले पंधरा अंक राखतं आणि पुढच्यांच्या जागी शून्य घालतं. 'मार्च १' सारखं काही दिसलं की तारीख बनवून टाकतं. ही खोड इतकी जुनी आणि चिवट की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली काही नावंच बदलली. 'मार्च१' चं 'मार्चएफ१' झालं. शास्त्रज्ञांनी शीटपुढे हात टेकले, तिथे आपण कोण?

उपाय एवढाच: फाइल उघडण्याआधी किंवा उघडताना त्या रकान्यांचा प्रकार 'मजकूर' असा ठरवायचा. नंतर ठरवून उपयोग नाही, गेलेली शून्यं परत येत नाहीत. ओळख-क्रमांक आपल्याच हातात असतील तर मी त्यांच्यापुढे एखादं अक्षर लावतो. 'स००७' ला शीट हात लावत नाही.

## नाव तेच दिसतं, तरी वेगळं कसं?

संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे युनिकोड ठरवतं आणि तो आकडा फाइलमध्ये कसा लिहायचा हे युटीएफ-८ ठरवतं. फाइल एका पद्धतीने लिहिली आणि दुसऱ्या पद्धतीने वाचली, की देवनागरी नावाच्या जागी तिप्पट लांबीची लॅटिन चिन्हांची खिचडी दिसते. तिप्पट, कारण युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. हा घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो.

न दिसणारा जास्त वाईट. 'सुऱ्या' मधला ऱ घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा एक आकडा आहे. पण साधा र आणि त्याला नुक्ता, असे दोन आकडे लागोपाठ लिहूनही तोच ऱ बनतो. पडद्यावर फरक शून्य, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. एका कळफलकावरून नोंदणी झाली, दुसऱ्यावरून दुरुस्ती झाली, आणि नावावरून जुळणी करणारं सॉफ्टवेअर म्हणतं असा संघच नाही. यावर युनिकोडनेच उपाय दिलाय: सगळा मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणायचा, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. पण त्याहून सोपं म्हणजे जुळणी नावावर न करणं. पुन्हा तोच ओळख-क्रमांक.

आणखी एक अदृश्य पाहुणा: काही प्रोग्रॅम युटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण घालतात. मग पहिल्या रकान्याचं शीर्षक बरोबर लिहूनही सॉफ्टवेअर म्हणतं, ते सापडलं नाही. अशा वेळी माणूस तेच शीर्षक चारदा नव्याने टाइप करतो. मीही केलंय.

## प्रश्नांची झिप: खरी जोखीम इथे

संघाचं नाव चुकलं तर हशा होतो. चाचणी-नमुना चुकला तर स्पर्धा बिघडते. म्हणून इथे जरा थांबू.

प्रश्न सहसा एका झिपमध्ये येतो. आत प्रश्नाचं वर्णन सांगणारी छोटी यामल फाइल, मजकूर, आणि डेटाच्या फोल्डरमध्ये दोन भाग: सगळ्यांना दाखवायचे नमुने आणि गुप्त नमुने. प्रत्येक इनपुट फाइलला त्याच नावाची उत्तराची फाइल. हा साचा कॅटिस या स्वीडिश प्रणालीकडून रुजला आणि आयसीपीसीच्या वर्तुळात तोच चालतो.

पहिली ठेच झिप बनवतानाच लागते. फोल्डरवर क्लिक करून झिप केली की आत आधी फोल्डर आणि त्याच्या आत फायली. सॉफ्टवेअर दारातच यामल शोधतं, ती सापडत नाही. फोल्डरच्या आत शिरून, सगळं निवडून मग झिप करायची. मॅकवर बनवलेल्या झिपमध्ये शिवाय लपलेल्या फायली घुसतात, त्या काढाव्यात.

दुसरी ठेच नावांची. नमुन्यांना १, २, ३ असे क्रमांक दिले आणि अक्षरक्रम लागला तर १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ कुठेतरी मागे. पहिल्या चुकीला थांबणाऱ्या व्यवस्थेत आधी कोणता नमुना चालला त्यावर निकाल 'चूक' येणार की 'वेळ संपली', हे अवलंबून असतं. ०१, ०२ अशी नावं दिली की प्रश्न मिटतो.

तिसरी सगळ्यात कपटी. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एक. परीक्षकाने नमुने विंडोजवर बनवले, स्पर्धा लिनक्सवर चालली. सी प्लस प्लसमध्ये शब्द-शब्द वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, ते जादाचं चिन्ह मोकळी जागा म्हणून गळून पडतं. पूर्ण ओळ वाचणाऱ्याच्या मजकुराला मात्र ते शेवटी चिकटून येतं. दोघांचा विचार बरोबर, एकाला 'बरोबर', दुसऱ्याला 'चूक'. स्पर्धक तासभर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि ती तिथे नसतेच.

यावरचा बंदोबस्त झिपमध्येच असतो, फक्त लोक तो वापरत नाहीत. प्रश्नासोबत परीक्षकांचे स्वतःचे प्रोग्रॅम ठेवायची सोय आहे: बरोबर ठरायला हवेत ते एका फोल्डरमध्ये, मुद्दाम चुकीचे दुसऱ्यात, मुद्दाम संथ तिसऱ्यात. आयातीनंतर सॉफ्टवेअर ते चालवतं, आणि अपेक्षित निकाल आला का हे तुम्ही पाहता. नमुने तपासायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. त्यात एक पूर्ण ओळ वाचणाराही असू द्या.

झिप मोठी असेल तर सर्व्हर ती दारातच अडवतो. डॉमजजचा वेब भाग पीएचपीत आहे आणि पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी, एका विनंतीला ८ एमबी. ती आधीच वाढवून ठेवावी लागते. गंमत म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर येणारा संदेश कधीकधी भलतंच काहीतरी सांगतो.

## 'मधेच अडकली तर अर्धवट राहील ना?'

रास्त शंका. ६१व्या ओळीला चूक निघाली तर पहिल्या साठ आत आणि उरलेल्या बाहेर, असं होऊ शकतं. चांगलं सॉफ्टवेअर हे सगळं एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) गुंडाळतं: सगळं आत, नाहीतर काहीच नाही, बँकेतून पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात तसं. तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय करतं हे मुद्दाम चुकीची ओळ घालून चाचणी सर्व्हरवर पाहून घ्या.

पण अर्धवट आयातीपेक्षा गुपचूप कापलेली आयात वाईट. २०२० साली इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नव्हती, आणि उरलेलं न बोलता गळून पडलं. आपल्या स्पर्धेत एवढ्या ओळी नसतात, पण धडा लागू आहे: किती दिल्या आणि किती आत गेल्या, हे दोन्ही आकडे आपण मोजायचे.

## 'एवढं कशाला, थेट डेटाबेसमध्येच लिहू की!'

हे म्हणणारा एक तरी हुशार प्रत्येक चमूत असतो. लिहिता येतं. पण पासवर्ड डेटाबेसमध्ये सहसा जसाच्या तसा नसतो. तो उलटा फिरवता न येणाऱ्या पद्धतीने रूपांतरित करून ठेवलेला असतो, आणि ते रूपांतर चोराला जड जावं म्हणून मुद्दाम संथ केलेलं असतं. (शेकडो खात्यांची आयात रेंगाळते ती बहुधा यामुळेच, तिथे पान पुन्हा लोड करू नका.) थेट लिहिताना हे रूपांतर, सगळ्या तपासण्या आणि गुणफलकासाठी साठवलेला तयार हिशोब, अशा सगळ्यालाच बगल मिळते. चुकून जमलं तर पुढच्या आवृत्तीत रचना बदलते. शक्यतो सॉफ्टवेअरने दिलेल्या दारानेच जावं. ते दार वेबपानावर असतं किंवा एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायच्या, रूपात.

पासवर्डवरून आठवलं: सर्व्हरवर सुरक्षित असलेले तेच पासवर्ड तुमच्या शीटमध्ये उघडे असतात. ती शीट चॅट-ग्रुपवर फिरवू नये. आणि पासवर्ड छापून देणार असाल तर शून्य आणि ओ, एक आणि एल ही जोडी वगळून बनवा.

## 'स्पर्धा चालू असताना काही बदलावं लागलं तर?'

उशिरा आलेला संघ वाढवायला हरकत नाही. संघ काढून टाकणं मात्र धोक्याचं, कारण त्याने पाठवलेले प्रोग्रॅमही त्याच्यासोबत जाऊ शकतात. काढण्याऐवजी बंद करा किंवा लपवा. चाचणी-नमुना बदलला तर आधी तपासलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा तपासायला लावावे लागतात, आपोआप काही होत नाही. सुरू होण्याची वेळ लिहिताना ग्रीनिचच्या वेळेपासूनचं अंतर सोबत लिहा, नाहीतर सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे स्पर्धा भलत्याच वेळी उघडेल.

## 'आमचे तर बाराच संघ आहेत'

मग संघ हाताने भरा, खुशाल. मीही बारा संघ हातानेच भरतो. फाइल बनवण्यात आणि तपासण्यात जास्त वेळ जातो. नमुने मात्र बारा संघांनाही तेवढेच लागतात, ते झिपनेच.

आणि संघ बारा असोत की शंभर, आदल्या दिवशी तीन खात्यांनी स्वतः लॉगिन करून पाहतो: यादीतलं पहिलं, सगळ्यात विचित्र नावाचं आणि शेवटचं. शेवटचं अशासाठी, की शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेला नसला तर काही साधनं ती ओळच वाचत नाहीत. लॉगिन झालं की वर कोपऱ्यात दिसणारं नाव चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून पाहतो, मोठ्याने वाचून.